शेवटच्या खांबापलीकडचं घर

बाळकाका कारखानीस भूमापन खात्यात होते. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतली बहुतेक शेतं त्यांनी पायांखाली घातली होती, आधी साखळी घेऊन आणि नंतर मशीन घेऊन. स्वतः बांधावर उभं राहिल्याशिवाय त्यांनी नकाशावर कधी रेघ ओढली नाही. हे ते कुणाला सांगत नसत. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नसे.

रोह्याहून कुंडलिकेवरचा पूल ओलांडून अष्टमीत आलं की दुकानांच्या मागच्या आळीत त्यांचं बैठं घर आहे. पुढे ओटी, मागे दोन नारळ. बायको विमलबाई प्राथमिक शाळेत शिकवत. दोघंही निवृत्त झाल्यावर चार वर्षं बरी गेली आणि मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी विमलबाईंची उजवी बाजू गेली. आठवड्याभराने वाचा परत आली, पण हळू. एकेक शब्द खाली ठेवून मग दुसरा उचलावा तशा त्या बोलायच्या. पाय मात्र परत आला नाही. डॉक्टरांनी खुर्चीत बसवायला सांगितलं होतं. एकदोनदा बसवलं तेव्हा त्यांनी चक्कर येते म्हणून डोळे मिटून घेतले आणि त्यानंतर खुर्ची नको म्हणाल्या ती नकोच. खरं कारण चक्कर नव्हती. खुर्ची म्हटली की ओटी आली, ओटी म्हटली की रस्ता आला, आणि रस्त्यावरून जाणारी माणसं त्यांनी शिकवलेली होती.

उन्हाळा लागला तशी पाठ घामाने चिघळायला लागली. खोली थंड आणि कोरडी ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. एसी बसवला, पण दुपारी लाईट जायची ती दोन दोन तास. पेणला कॉलेजात शिकवणारी मुलगी ऋजुता दर रविवारी यायची. एका रविवारी ती अद्वयला सोबत घेऊन आली. हा तिचा जुना विद्यार्थी, आता सोलरची कामं करायचा. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यांच्या पत्र्यांवर त्याने बरीच पॅनेलं बसवली होती. शिडीवरून उतरत तो म्हणाला, "काका, स्लॅब झकास आहे. सावली कुठूनच नाही."

एप्रिलमध्ये काम झालं. गच्चीवर निळसर काळी पॅनेलं तिरकी झोपली. मधल्या खोलीत भिंतीवर इन्व्हर्टर आणि त्याच्याखाली बॅटरी, एखाद्या पांढऱ्या कपाटासारखी. ओटीवर नवं मीटर लागलं, येणारी वीजही मोजणारं आणि जाणारीही. अद्वयने विमलबाईंच्या पलंगाजवळ बसून त्यांना मोबाइलमधलं चित्र दाखवलं. चित्रात एक सूर्य, एक घर, एक बॅटरी आणि एक खांब. सूर्याकडून घराकडे पिवळे ठिपके चालत होते. थोड्या वेळाने बॅटरी भरली आणि ठिपके घरातून बाहेर पडून खांबाकडे चालायला लागले.

"हे कुठं जातात?" विमलबाईंनी विचारलं.

"उरलेली वीज आहे ती, मॅडम. लाइनमध्ये जाते."

"लाइनमध्ये... म्हणजे कुठं?"

अद्वयने जरा विचार केला. "लांब नाही जात. जवळ ज्याला लागते तो घेतो. शेजारचा, नाहीतर त्याच्या पलीकडचा. आणि लाइन बंद पडली की आपलं घर आपोआप खांबापासून तुटतं, म्हणजे खांबावर चढलेल्या माणसाला धक्का बसायला नको. तेव्हा फक्त आपल्यापुरती."

तो गेला, पण प्रश्न खोलीत राहिला.

दुपारची जेवणं झाली की विमलबाई मोबाइल उशीला टेकवून ठेवायच्या. एसी हळू घुमायचा. खिडकीच्या पडद्यातून आत येणारं ऊन पाण्यातून आल्यासारखं हिरवट दिसायचं. त्या ठिपक्यांकडे बघत राहायच्या, डोळा लागायचा, आणि झोपेतही ठिपके चालत असायचे. एकदा जागं होता होता त्या म्हणाल्या, "आपल्या घरातून मुलं शाळेत निघाल्यासारखी निघतात. पोचतात का, कुणी बघायला नको?"

बाळकाकांनी छत्री घेतली आणि ते निघाले.

वीज कुठे जाते हे चालून कळत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण तारांखालून चालत जाता येतं, एवढंही त्यांना माहीत होतं. पहिल्या खांबावरून एक तार दिनानाथच्या गिरणीत उतरत होती. तिसऱ्याच्या पायथ्याशी दिपिकाचं शिवणाचं दुकान होतं. शटर अर्धं ओढून ती ब्लाउज शिवत बसली होती आणि मशीनचा छोटा दिवा तिच्या बोटांवर पडला होता. त्यापुढे फ्रीज दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, मग दोन घरं, मग शेतं. ते घरी परत आले आणि पलंगाशेजारी बसून त्यांनी सगळं सांगितलं. गिरणीत आज नाचणी होती. दिपिकाकडे राणी रंगाचं कापड होतं. विमलबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "राणी रंगाला... अस्तर कुठलं लावलं?" बाळकाकांना ते सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बघून आले.

असा दुपारचा क्रम पडला. फक्त एक घर राहिलं होतं. शेतांतून पाच खांब पलीकडे जात होते आणि शेवटच्या खांबाच्या पुढे, ओढ्याच्या कडेला, एका आंब्याच्या आड कौलांचा कोपरा दिसायचा. बाळकाका दोनदा निघाले. एकदा उन्हाने परत फिरले, एकदा गुडघ्याने.

"शेवटच्या घरात कोण असतं हो?" विमलबाईंनी त्या दिवशी विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं ते बघितलं नाही असं सांगायला. पण विमलबाई त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जसं कुणी डबा उघडायची वाट बघतं. बाळकाका म्हणाले, "एक म्हातारा असतो."

"एकटाच?"

"एकटाच. बायको माहेरी गेली आहे."

विमलबाई हसल्या. आजारपणानंतर त्यांचं हसू एका बाजूनेच यायचं. "या वयात?"

"भावाकडं काहीतरी कार्य आहे. हा दुपारी रेडिओ लावतो आणि पंख्याखाली झोपतो. रेडिओ चालूच."

पुढे पाऊस सुरू झाला. शेतात पाणी उभं राहिलं आणि बांध निसरडा झाला. बाळकाकांचं चालणं दिपिकाच्या दुकानापर्यंतच थांबलं. म्हातारा मात्र थांबला नाही. ढग असले की ठिपके थोडेच निघायचे, आणि विमलबाई म्हणायच्या, "आज त्याचा पंखा हळू फिरत असेल." मग बाळकाका सांगायचे की त्याने आज लाकडाची पळी तासायला घेतली, चार वाजता उठून काळा चहा केला, दारात बसून ओढ्याचं पाणी किती चढलं ते बघितलं. सांगताना त्यांनाही ते दिसायचं. आंब्याखालचा ओला अंधार, रेडिओवरचं कुणाचं तरी बारीक होत गेलेलं गाणं, भिंतीवर हलणारी पाण्याची झिलई. विमलबाईंना झोप लागली की खोली एकदम शांत व्हायची. तरी ते थोडा वेळ मनातल्या मनात सांगत राहायचे.

कधी कधी अपराधी वाटायचं. न पाहिलेल्या जागेची रेघ ते ओढत होते. उद्या सांगून टाकू, असं त्यांनी पुष्कळदा ठरवलं.

ऑक्टोबरात भातं पिवळी पडली आणि लोक विळे काढायच्या तयारीत असताना परतीचा पाऊस वारा घेऊन आला. दुपारी तीनला आभाळ काळं झालं. नदीच्या बाजूने आलेल्या वाऱ्याने तासाभरात झाडं पाडली, पत्रे उडवले आणि शेतांतले खांब वाकवले. मागचा एक नारळ आडवा झाला, पण गच्चीवरची पॅनेलं जागच्या जागी राहिली. लाईट गेली ती साधी गेली नव्हती. पेणहून ऋजुताने फोन केला तेव्हा तीही अंधारात होती, आणि रस्त्यावर झाडं पडली होती. "दोनतीन दिवस मला येता येईल असं दिसत नाही, बाबा," ती म्हणाली. बाळकाकांनी सांगितलं, "आम्ही ठीक आहोत. आपल्याकडे दिवे आहेत."

विमलबाई मोबाइलकडे बघत होत्या. चित्रातला खांब राखाडी झाला होता. घरातून त्याच्याकडे काहीच जात नव्हतं.

दिवेलागणीला ओटीवर कुणीतरी आलं. तिशी ओलांडलेली एक बाई, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले.

"काका, आख्ख्या आळीत तुमच्याकडंच लाईट हाय," ती म्हणाली. "मी सरू. माझं मशीन बंद पडलंय. अंडी हायत त्यात, साठ. गावठी. सोळा दिस झालेत, आजून पाच पायजेत. गोधडीत गुंडाळून ठेवलंय, पन रातभर नाय टिकायची."

"कसलं मशीन?"

"अंडी उबवायचं. बचत गटातून घेतलंय."

खोलीतून विमलबाईंचा आवाज आला. "आत बोलवा."

सरू दारात उभी राहिली. पायांचा चिखल बघून ती पुढे येईना. विमलबाईंनी विचारलं, "कुठं राहतेस?"

"शेताच्या पल्याड, बाई. शेवटचा खांब हाय ना, त्याच्या फुडं. आंब्याखाली."

विमलबाईंनी मोबाइलकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या शेजारी?"

"कोन म्हातारा?"

"रेडिओवाला."

"तिकडं दुसरं घरच नाय, बाई. मी नि माझी सासू. मालक ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा येतो." सरूने बाळकाकांकडे बघितलं. "काकांना माहीत आसंल."

बाळकाका इन्व्हर्टरच्या पडद्याकडे बघत होते. तिथे बॅटरी एक्क्याऐंशी टक्के असा आकडा होता. विमलबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि इतकंच म्हटलं, "जा. अंडी घेऊन या."

बाळकाका त्या संध्याकाळी पहिल्यांदा शेवटच्या खांबापर्यंत चालले. पाऊस उघडला होता. पुढे सरू, मागे ते, हातात टॉर्च. बांधाच्या दोन्ही बाजूंना भात झोपलं होतं आणि त्यात पाणी चमकत होतं. शेवटचा खांब कंबरेत वाकला होता, तारा शेतात पडल्या होत्या. दोघं लांबून वळसा घालून गेली. आंब्याच्या आड खरोखर एकच घर होतं. दारात एक वाकलेली म्हातारी कंदील घेऊन उभी होती. आत भिंतीला शेळीची पोरं बांधलेली, कोपऱ्यात गोधड्यांचा ढीग आणि त्याच्या पोटात थर्माकोलची मोठी पेटी. सरूने गोधडीत हात घातला. "आजून उबारा हाय," ती म्हणाली.

दोघांनी पेटी धरली. साठ अंडी फार जड नसतात, पण बाळकाकांना आपण एखादं झोपलेलं माणूस उचलून नेतोय असं वाटत होतं. चिखलात पाय घसरला की दोघंही थांबायची आणि आधी पेटीकडे बघायची. गुडघा दुखत होता. त्यांना तो अर्ध्या वाटेवर आल्यानंतर आठवला.

पेटी विमलबाईंच्या खोलीत, पलंगाला लागून ठेवली. पिन लावली आणि आतला पिवळा दिवा लागला. छोट्या काचेतून अंडी दिसत होती. रांगेने, मातकट गोरी. पेटीवरचा तापमानाचा आकडा हळूहळू चढत सदतीसवर आला तेव्हा सरू जमिनीवर बसली आणि तिने डोक्यावरची खोळ काढली.

"दिसातून तीनदा फिरवायची," तिने सांगितलं. "आजून दोन दिस. मंग हात नाय लावायचा, झाकन नाय उघडायचं. ती आपली आपन येतात."

जाण्याआधी तिने एक अंडं उचलून टॉर्चवर धरलं. अंडं आतून नारिंगी झालं. त्यात बारीक लाल शिरा पसरल्या होत्या आणि मध्ये एक गडद गोळा होता. तो हलला. विमलबाईंनी डावा हात पुढे केला. सरूने अंडं त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि खालून टॉर्च धरली. विमलबाईंची बोटंसुद्धा नारिंगी झाली.

त्या रात्री दोघंही पेटीच्या दिव्याकडे बघत पडून राहिली.

दुसरा दिवस ढगाळ उजाडला. वारा मेला होता आणि हवा इतकी जड होती की धुतलेली भांडीसुद्धा वाळत नव्हती. गच्चीवरून थोडीच वीज येत होती. एसी, फ्रीज, पंखे, पेटी, शिवाय शेजाऱ्यांचे चार मोबाइल. दुपारी बारापर्यंत बॅटरीचा आकडा चौतीसवर आला. बाळकाकांनी अद्वयला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"काका, एसी बंद करा," अद्वय म्हणाला. "बाकी सगळं मिळून खाणार नाही तेवढं तो एकटा खातो. तो बंद केलात तर ढग असले तरी अंडी निघतील."

"पण तिची पाठ..."

"ते तुम्ही ठरवा काका. मशीनचं मी सांगितलं."

बाळकाका मधल्या खोलीत उभे राहिले. बॅटरी घेतली होती ती एका कारणासाठी. लाईट असो नसो, विमलची पाठ कोरडी राहायला हवी. सरू अंडी फिरवायला आली होती, तिने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ती म्हणाली, "राहू द्या काका. बाईंना तरास नको. माझी अंडी पुन्हा व्हतील."

"अहो," आतून हाक आली.

बाळकाका आत गेले. विमलबाई छताकडे बघत होत्या. "एसी बंद करा. आणि मला खुर्चीत बसवा."

"चक्कर येईल तुला."

"येऊ दे. ओटीवर न्या. तिथं वारा असतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "पेटी पण."

एकट्याने जमलं नसतं. सरूने एका बाजूने खांदा दिला, बाळकाकांनी दुसऱ्या. विमलबाईंचा उजवा पाय जमिनीवरून ओढला जात होता. खोलीच्या उंबऱ्याशी त्या थांबल्या, श्वास घेतला, मान हलवली. आठ महिन्यांनी त्या ओटीवर आल्या. खुर्चीत बसवल्यावर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. सरूने पेटी आणून त्यांच्या समोरच्या बाकावर ठेवली आणि लांब वायर आत ओढली.

रस्त्यावरून माणसं जात होती, कुणी कोयता घेऊन, कुणी पाण्याची कळशी घेऊन. दिनानाथ गिरणीच्या दारातून म्हणाला, "बाई, बऱ्या आहात ना?" विमलबाईंनी डोळे उघडले. "बरी आहे," त्या म्हणाल्या. दिनानाथने मान डोलवली आणि तो आपलं उडालेलं छप्पर बघायला गेला. एवढंच झालं. त्यांना वाटलं होतं त्यातलं काहीच झालं नाही.

दुपारभर त्या तिथेच बसल्या. घाम येत होता, पण नदीकडून मधूनच झुळूक यायची आणि पाठीवरून ओल्या फडक्यासारखी फिरायची. दर अर्ध्या तासाने बाळकाका त्यांना एका कुशीवर कलतं करत. तीन वाजता अंडी फिरवायची वेळ झाली तेव्हा विमलबाई म्हणाल्या, "मी करते." डाव्या हाताने त्यांनी एकेक अंडं वळवलं. पहिल्या रांगेला खूप वेळ लागला. दुसऱ्या रांगेत त्यांनी उजवा हात पेटीच्या कडेवर ठेवला आणि दोन बोटांनी एक अंडं ढकललं. ते अर्धं वळलं. सरू आणि बाळकाका दोघंही बघत होते आणि दोघांनीही बघितलं नाही असं दाखवलं.

सरू भात उचलायला शेतावर गेली. ओटीवर दोघंच उरली. पेटीतला दिवा लागायचा, विझायचा.

"म्हातारा कुठं गेला?" विमलबाईंनी विचारलं.

"नव्हताच."

"कधीपासून नव्हता?"

"पहिल्यापासून. मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो. ऊन होतं, गुडघा दुखत होता. आणि तू विचारलंस."

विमलबाईंनी रस्त्याकडे बघितलं. "मला तो दिसायचा हो," त्या म्हणाल्या. "झोप लागताना त्याचा रेडिओ ऐकू यायचा. काल सरू नाही म्हणाली, तेव्हा माणूस गेल्यासारखं वाटलं."

"चुकलंच माझं."

"एकदा सांगितलंत ते ठीक आहे. पावसाळाभर कशाला?"

बाळकाकांनी पेटीच्या काचेवरची वाफ पुसली. जन्मभर ते मोजमापाची भाषा बोलत आले होते आणि याला माप नव्हतं. शेवटी म्हणाले, "तुला दुपारी झोप लागली की घरात कुणीच नसतं. तू असतेस, पण नसतेस. मला भीती वाटायची. मग मी त्याच्याबद्दल बोलत बसायचो. तू झोपल्यावरसुद्धा."

विमलबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "मला हे का नाही सांगितलंत?"

"तू आजारी."

"आजारी आहे. लहान नाही." त्यांनी डावा हात लांब केला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. पेटीच्या उबेने हात गरम झाला होता. "आता खरं सांगत जा. थोडं असलं तरी चालेल."

मग बाळकाकांनी आदल्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. आडवं झालेलं भात, कंदील घेतलेली म्हातारी, शेळीची पोरं, गोधड्यांचा ढीग आणि त्याच्या आतली ऊब. सांगून झालं तेव्हा त्या जाग्या होत्या.

तिसऱ्या दिवशी थोडं ऊन पडलं. बॅटरीचा आकडा साठवर गेला. बाळकाकांनी विचारलं, "एसी लावू?" विमलबाई नको म्हणाल्या. अंड्यांचा तो अठरावा दिवस, सरूने त्यांना शेवटचा हात लावला, ताटलीत पाणी भरलं आणि झाकण बंद केलं. आता करण्यासारखं कुणालाच काही नव्हतं. विमलबाई सकाळी ओटीवर यायच्या आणि काचेतून बघत बसायच्या. ढगांमधून ऊन यायचं जायचं, रस्त्यावरच्या डबक्यांत आभाळ वाहायचं. कधी त्यांचा डोळा लागायचा आणि कधी बाळकाकांचाही, बाकावर बसल्या बसल्या. मधे पेटीचा दिवा तेवढा जागा असायचा. दिपिका एकदा येऊन गेली, काचेला नाक लावून बघितलं आणि विमलबाईंच्या ब्लाउजचं माप घेऊन गेली. जुना आता सैल होत होता.

चौथ्या दिवशी शेतात माणसं आली, वाकलेले खांब काढले, नवे रोवले. पाचव्या दिवशी सकाळी अकराला लाईट आली आणि आळीभर एकाच वेळी पंखे, मिक्सर, टीव्ही बोलायला लागले. बाळकाका म्हणाले, "सरू, आता घरी नेतेस का मशीन?" सरूने काचेला कान लावला होता. तिने बोट वर केलं. सगळे गप्प झाले.

आतून आवाज येत होता. अंडं फुटण्याचा नाही, अंड्याच्या आतला. बारीक, ओला, लांबून आल्यासारखा.

"आता हलवायची नाय," सरू म्हणाली. "बोलाया लागलीत."

पहिलं अंडं दुपारी फुटलं. आधी एक तडा गेला, मग कवचाचा एक तुकडा वर उचलला गेला, आणि मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. विमलबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "मदत करायची का?" त्यांनी विचारलं.

"नाय बाई. मदत केली तर मरतात. थांबायचं."

त्या थांबल्या. ते पिल्लू दमून पडून राहायचं, परत धडपडायचं, परत पडायचं. तासाभराने टोपी काढावी तसं त्याने वरचं कवच ढकललं आणि ओलं, काळपट, लटपटतं असं बाहेर पडलं. त्याच्यामागे दुसरं. संध्याकाळपर्यंत पेटीभर चिवचिवाट झाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सत्तेचाळीस पिल्लं झाली. तेरा अंडी तशीच राहिली. त्यातलं एक अर्धं फुटलं होतं आणि आतलं पिल्लू निपचित होतं. सरूने ते केळीच्या पानात गुंडाळलं. विमलबाईंनी ते थोडा वेळ मांडीवर ठेवलं, मग परत दिलं.

रस्ता मोकळा झाला आणि ऋजुता पेणहून आली ती त्याच दुपारी. मोटारीतून उतरली आणि फाटकातच थांबली. आई ओटीवर खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले, पदराच्या खोळीत काहीतरी हलत होतं. शेजारी एक अनोळखी बाई बांबूची पाटी घेऊन एकेक पिल्लू उचलत होती. बाबा पाटीवर झाकायला जुनं धोतर फाडत होते.

"आई," ऋजुता म्हणाली. "तू बाहेर कशी?"

"ये, बस," विमलबाई म्हणाल्या. "हळू बोल. नुकती निजली आहेत."

सरू पिल्लं घेऊन निघाली. पेटी मात्र तिने नेली नाही. ओल्या जमिनीवर तिचं घर गारठतं, इथं कोरडं आहे, बाईंचा हात सारखा फिरतो, पुढची अंडी इथंच ठेवूया का, असं तिने विचारलं होतं आणि विमलबाईंनी बाळकाकांना न विचारताच हो म्हटलं होतं. पिल्लांचा आवाज बांधावरून लांब जाईपर्यंत ऋजुता उभीच होती. मग तिने पिशवी खाली ठेवली आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसली. विमलबाईंनी पदर किंचित उघडून तिला आत बघू दिलं. सरूने एक पिल्लू मागे ठेवलं होतं. ते अजून ओलसर होतं, म्हणून.